खोगीर बसवायला शिकायचे कुठे?

अकलूजच्या माझ्या मावसभावाच्या मुलाने घोड्यांना खोगीर बसवून देण्याचे रीतसर शिक्षण घेण्याचा विचार बोलून दाखवला आणि सोलापूरच्या आमच्या गोतावळ्यात दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, खोगीर टाकून तंग आवळायला शिकण्यासाठी इंग्लंडपर्यंत जायचे कशाला. दुसरा पक्ष आप्पाकाकांचा. त्यांच्या मते, घरबसल्या प्रमाणपत्र देणारा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम उरकावा आणि मोकळे व्हावे. पहिल्या मताचे मला काही वाटत नाही, पण दुसऱ्याचा राग येतो. इंग्लंडमधल्या वॉल्सॉलमध्ये खोगिरांत लोकर भरण्यावर माझे पोट चालते, म्हणून हा राग मांडण्याचा मला अधिकार आहे, असे मी समजते.

घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीमागे जाता कामा नये, आणि खोगिराच्या तळाची पन्हळ इतकी रुंद हवी की कण्याला कुठेही स्पर्श होऊ नये. एवढे आप्पाकाका म्हणतात तसे पडद्यावर वाचून कळते. परंतु वाकणारी पट्टी खांद्यामागे दाबून तिचा आकार कागदावर उतरवणे, खोगिराच्या पुढच्या कडेखाली तळवा सरकवून कुठे अडतो ते जाणणे, स्वार चढल्यावर आणि घोडा दुडक्या चालीत असताना खोगीर एका बाजूला सरकते का ते मागून पाहणे, हे हाताला आणि नजरेला वळण लागल्याशिवाय येत नाही. त्यात पाठ कायम तशीच राहत नाही. काम वाढले की स्नायू भरतात, विश्रांतीत उतरतात, आणि पावसाळ्यानंतर चपखल बसलेले खोगीर उन्हाळ्यात काचू लागते.

म्हणूनच सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स या १९६६ साली स्थापन झालेल्या, ब्रिटनमधल्या खोगीर कारागिरांच्या संस्थेचा प्राथमिक वर्ग केल्याने कोणी फिटर होत नाही; परीक्षेला बसण्यापूर्वी किमान ३ वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. हे सोलापूरकरांना मी सांगावे लागते, याचेच नवल वाटते. आमच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत कागद दाखवून कोणी जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, झाला नाही. त्याला मागाशी उभे करून पाहत असत. मग मुक्या जनावराच्या पाठीसाठीच कागद पुरेसा कसा होतो?

अकलूजच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक दात पाहते, भोवरे पाहते, चाल पाहते, पण खोगिराखालच्या कातडीवर हात फिरवणारा मला क्वचितच दिसला. रिंगणात माउलींचा अश्व स्वाराविना धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावणारी आपण माणसे आहोत, आणि तरीही पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असलेला घोडा आपण बिनदिक्कत विकत घेतो. ते ठिपके बहुधा जुन्या काचण्याचे असतात.

‘तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस,’ असे आप्पाकाकांनी मला सुनावले. ते मला लागले, कारण त्यात तथ्य आहे. इथल्या तबेल्यांत माझ्या कामाला मान आहे, पण घोड्याला चुचकारताना तोंडून निघणारे माझे मराठी समजणारे कोणी नाही; आणि सोलापूरला गेले की घरचीच माणसे मला पाहुण्यासारखी खुर्ची देतात. पोराने इथेच यावे या माझ्या आग्रहात हा स्वार्थही मिसळलेला आहे, हे मी लपवत नाही.

तरीही अभ्यासक्रमाबाबत मी तडजोड करणार नाही. त्याने तो इथे निवडावा किंवा अन्यत्र, पण पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारावे की आपल्या हाताखालून किती घोडे जातील, आणि आपण बसवलेले खोगीर सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला आपल्यासोबत कोण जाणकार उभा राहील. उत्तरादाखल नुसत्या चित्रफिती पुढे केल्या, तर आप्पाकाकांनी त्या शुल्काचा एक रुपयाही भरू नये.