गोग्रहण, गिटार आणि हॉर्सलिप्स

वादाला तोंड पक्यानं फोडलं. पक्या बेंजो पार्टीत वाजवतो, त्यामुळे कानावर पडलेलं काहीही मिरवणुकीत वाजवता येईल का, एवढंच तो बघतो. परवा रात्री कट्ट्यावर आल्या आल्या त्यानं मोबाईल कानाशी धरला. "ऐक. आणि सांग, कुठलं आहे."

गिटारवर एक तुकडा पुन्हा पुन्हा येत होता. ठेका रॉकचा, पण चाल काही रॉकची नव्हती. पाय आपोआप हलायला लागावा अशी.

"चांगल्या चालीला कोणीतरी शॉक दिलाय," नंदू म्हणाला. नंदू म्हणजे आमचे नाट्यसंगीताचे धर्माधिकारी.

शिरीष सात वर्षं डब्लिनला आहे, दिवाळीसाठी आला होता. तो उडालाच. "अरे, हे तर 'डॅरग डूम'! हॉर्सलिप्स या आयरिश बँडचं! तिकडे लग्नात डीजेनं हे लावलं की आजोबासुद्धा उठतात. १९९०च्या वर्ल्ड कपला आयर्लंडचा संघ पहिल्यांदाच गेला, तेव्हा त्यांच्या गाण्यात हाच तुकडा घातला होता. ते गाणं यू-टूच्या ड्रमरनं, लॅरी मलननं केलं. तेरा आठवडे पहिल्या नंबरावर होतं."

"हॉर्सलिप्स? घोड्याचे ओठ?" मृणालनं विचारलं.

इथं शिरीषनं जे सांगितलं ते ऐकून नंदूसुद्धा हसला. बायबलात जगबुडीच्या वेळचे चार घोडेस्वार आहेत, 'फोर हॉर्समेन ऑफ द अपॉकलिप्स'. आपण 'चहाचा कप'चं 'कहाचा चप' करतो तसं कोणीतरी त्याचं 'फोर पॉक्समेन ऑफ द हॉर्सलिप्स' केलं. त्यातला शेवटचा शब्द उरला. एवढंच.

पण खरी ठिणगी पडली ती पुढच्या माहितीनं. हा बँड जन्मला जाहिरातीत. १९७०च्या सुमारास डब्लिनच्या आर्क्स नावाच्या जाहिरात कंपनीत बॅरी डेव्हलिन, एमन कार आणि चार्ल्स ओ'कॉनर नोकरीला होते. हार्प बिअरच्या जाहिरातीत एक बँड दाखवायचा होता. हेच तिघं उभे राहिले. कीबोर्डवाला कमी पडला म्हणून जिम लॉकहार्टला बोलावलं. वाजवायचं नव्हतंच, नुसते हात हलवायचे होते. मग त्यांना वाटलं, सोंग आणलंच आहे तर खरंच वाजवून बघू.

"म्हणजे बोगस!" नंदूनं मांडीवर थाप मारली. "बिअर विकायला उभे राहिलेले लोक लोकसंगीताला हात लावतात. गुरू नाही, घराणं नाही."

"गुरू नाही म्हणूनच जमलं," मी म्हणालो. मला हे मनापासून वाटतं. ज्याला घरी जाऊन कोणाला तोंड दाखवायचं नसतं, तोच असली तोडमोड करतो. ड्रमवाला कार कविता करायचा. फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि मँडोलिन वाजवणारा ओ'कॉनर तर इंग्लंडातल्या मिडल्सबरोचा! आयर्लंडमधल्या सोवळ्या मंडळींना हे किती झोंबलं असेल याची कल्पना नंदूकडे बघून येत होती.

"तुझी पेटी कुठली रे, नंदू?" पक्यानं मध्येच विचारलं. "साहेबाची ना? ऑल इंडिया रेडिओनं १९४०ला तिच्यावर बंदी घातली होती. तेव्हा तुझ्यासारखेच कोणीतरी बसले असणार तिथं."

नंदू चहाच्या पेल्यात बघू लागला. शिरीषनं भर टाकली, की आज ज्याला सगळे आयरिश बुझुकी म्हणतात ते वाद्यही तिकडे साठच्या दशकात ग्रीसहून आलं.

मग लोकसंगीत आणि रॉक एकत्र करणारे 'पहिले कोण' हा वाद निघाला, जो कोणत्याही कट्ट्यावर निघतोच. मृणाल वकील आहे, तिला तारखा लागतात. तर तारखा अशा. हॉर्सलिप्सचं पहिलं रेकॉर्ड 'जॉनीज वेडिंग' १७ मार्च १९७२ला, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या दिवशी, आलं. थिन लिझी या दुसऱ्या आयरिश बँडचं 'व्हिस्की इन द जार' त्याच वर्षी नोव्हेंबरात. म्हणजे आयर्लंडपुरतं भांडण मिटलं. पण फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताचा अ‍ॅलन स्टिव्हेल फेब्रुवारी १९७२च्या अखेरीस पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरात हार्प घेऊन, मागं इलेक्ट्रिक गिटार लावून वाजवून गेला होता. आणि इंग्लंडात फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडचा विजेवरचा लोकसंगीताचा अल्बम १९६९चा.

"म्हणजे तुमचे घोडेवाले तिसरे," मृणाल म्हणाली.

इथं माझा मुद्दा तारखेचा नाही, रीतीचा आहे. फेअरपोर्टनं जुनी गाणी घेतली आणि त्यांना रॉकचा साज चढवला. हॉर्सलिप्सनं बऱ्याचदा उलटं केलं. गाणं नवं लिहायचं आणि त्याच्या पोटात जुनी चाल रिफ म्हणून, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा म्हणून, बसवायची. पक्याला आवडलेला तो तुकडा म्हणजे 'ओ'नीलचं कूच' ही जुनी रणचाल. पुढे 'ट्रबल' या गाण्यात ब्रायन बोरू या जुन्या आयरिश राजाच्या कूचाची चाल अशीच घुसवली आहे. ऐकणाऱ्याला वाटतं आपण रॉकवर नाचतोय, आणि पाय मात्र खापरपणजोबांच्या तालावर पडत असतात. हे साज चढवण्यापेक्षा अवघड आहे. त्यांच्या जॉनी फीनची गिटार ऐका, तो सूर फिडलसारखे वळवतो. २०२३मध्ये तो गेला.

"पण 'डॅरग डूम'मध्ये म्हणतात काय?" पक्यानं विचारलं.

डॅरग म्हणजे लाल. बोलणारा आहे कू कुलिन, त्यांचा महावीर. १९७३चा त्यांचा दुसरा अल्बम, 'द टॉइन', अख्खा याच जुन्या कथेवर आहे. राणी मेव्ह आणि तिचा नवरा पलंगावर पडल्या पडल्या कोणाची दौलत जास्त यावर घासाघीस करतात. सगळं सारखं निघतं, फक्त त्याच्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त. म्हणून ती तोडीस तोड अशा तपकिरी बैलासाठी उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतावर सैन्य घेऊन जाते. तिकडचे योद्धे एका शापानं कळा येऊन आडवे पडलेले. उभा राहतो एकटा पोरगेला कू कुलिन, नदीच्या उतारावर.

"अरे, हे तर विराटपर्व!" नंदू एकदम सरसावला. "उत्तर गोग्रहण! सैन्य दुसरीकडे गुंतलेलं, गाई पळवल्या आणि एकटा अर्जुन."

"आणि सुरुवात नवरा-बायकोच्या भांडणातून," मृणाल म्हणाली. "हे जास्त पटतं."

तेवढ्या पाच मिनिटांत नंदू आमच्या बाजूला होता. १९६९ला कवी थॉमस किन्सेलाचं या कथेचं इंग्रजी भाषांतर आलं होतं, त्यामुळे ती तेव्हा पुन्हा लोकांच्या तोंडी होती, हेही शिरीषनं सांगितलं. १९७६च्या 'बुक ऑफ इन्व्हेजन्स'चे तर त्यांनी तीन भाग पाडले ते जुन्या आयरिश संगीताच्या तीन जातींवर: हसवणारं, रडवणारं, निजवणारं. हे ऐकून नंदूनं रसांवर व्याख्यान सुरू केलं, ते मी इथं देत नाही.

माझ्या मते मात्र या मंडळींचं मोठं काम वेगळंच आहे. ते घरी राहिले. गायक व्हॅन मॉरिसन बाहेर गेला, थिन लिझी लंडनला गेले. नाव काढायचं तर समुद्र ओलांडायचा, ही तिथली रीतच होती. गावोगावच्या नाचाच्या हॉलमध्ये तेव्हा शोबँड वाजवायचे, एकसारखे सूट घालून, रेडिओवरची गाजलेली गाणी. हॉर्सलिप्स त्याच हॉलमध्ये गेले, भडक कपडे घालून, स्वतःची गाणी घेऊन. रेकॉर्ड काढायला 'ओट्स' नावाची स्वतःची कंपनी काढली. पहिला अल्बम टिपररीतल्या एका जुन्या वाड्यात केला, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ दारात उभा करून. कव्हर कॉन्सर्टिना या भात्याच्या छोट्या वाद्याच्या आकाराचं, अष्टकोनी कापलेलं. जाहिरातवाले शेवटी!

"घरी राहिले म्हणूनच बाहेर कोणी ओळखत नाही," शिरीष म्हणाला. "इंग्लंडच्या यादीत एकच अल्बम चढला, तोही एकोणचाळिसावा."

ते खरं आहे. आणि जेव्हा बाहेर बघून वाजवायला लागले, तेव्हा फिडल मागं सरकली. १९७८चा 'द मॅन हू बिल्ट अमेरिका' शिरीषला फार आवडतो. मला तो रेडिओसाठी इस्त्री केलेला वाटतो. यावर आमचं अर्धा तास वाजलं, निकाल लागला नाही.

३१ जुलै १९७५चं सांगताना मात्र सगळे गप्प झाले. मायामी शोबँड उत्तर आयर्लंडमधला कार्यक्रम संपवून रात्री डब्लिनला परतत होता. लष्करी वेशातल्या लोकांनी खोट्या नाक्यावर त्यांची गाडी अडवली. तीन वादक मारले गेले. त्यानंतर दक्षिणेतल्या बँडवाल्यांना उत्तरेला जायची भीती वाटणं साहजिकच होतं. हॉर्सलिप्स जात राहिले. थांबण्याआधीचा त्यांचा शेवटचा अल्बम बेलफास्टच्या कार्यक्रमांचाच आहे, आणि १२ ऑक्टोबर १९८०ला ते थांबले तेही बेलफास्टच्या अल्स्टर हॉलमध्ये. शेवटी ओ'कॉनरनं आपली फिडल प्रेक्षकांत भिरकावली.

"हक्कांचं काय झालं पुढे?" मृणालला हेच ऐकायचं होतं.

व्हायचं तेच. रेकॉर्डिंग भलत्याच्या हाती गेली, वर्षानुवर्षं स्वस्तातल्या आवृत्त्या निघत राहिल्या. १९९९मध्ये बेलफास्टच्या कोर्टात प्रकरण मिटलं आणि गाणी परत मिळाली. पुढे २००४मध्ये तिघा चाहत्यांनी डेरी शहरात त्यांच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवलं, त्याच्या उद्घाटनाला पाचही जण आले आणि बसल्या जागी वाजवलं.

"स्वतःची कंपनी होती आणि तरी गेली?" मृणाल म्हणाली. "करार कोणी वाचला होता?"

याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला होता. पक्या गुडघ्यावर बोटांनी ओ'नीलचं कूच बसवत होता, बहुतेक येत्या मिरवणुकीला ऐकू येईल.

उठताना नंदूनं शिरीषला बाजूला घेतलं. "तो एक अल्बम म्हणालास ना, हिवाळ्यावरचा, १९७५चा. त्यात वीज नाही ना?"

"नाही. सगळी साधी वाद्यं."

"मग पाठव," तो हळूच म्हणाला. "ग्रुपवर नको. मला एकट्याला."