आयरिश परीकथा आणि आपला मुंजा

आयर्लंडच्या जुन्या परीकथांमध्ये पंखवाली, हातात छडी घेतलेली चिमुकली परी शोधायला गेलात तर ती मिळणार नाही. इथल्या परीलोकातली मंडळी साधारण माणसाएवढीच, शेतातल्या जुन्या गोल मातीच्या बांधांखाली राहणारी, घोड्यावर बसून रात्री हिंडणारी, खूश झाली तर भलं करणारी आणि बिनसलं तर माणसाची वाचाच काढून घेणारी. म्हणजे कोकणातल्या कुणालाही पहिल्या दोन पानांतच ओळखीची वाटतील अशी.

मी आयर्लंडमध्येच राहतो, आणि गेले काही आठवडे लायब्ररीतून आणलेला, आयरिश लोककथा गोळा करणाऱ्या डग्लस हाइडचा 'बिसाइड द फायर' हा १८९० सालचा संग्रह वाचतोय. त्यात गुलीश नावाच्या मेयो परगण्यातल्या एका पोराची गोष्ट आहे. नोव्हेंबरातल्या एका रात्री हा घरामागच्या त्या बांधाजवळ उभा असतो, तेवढ्यात वाऱ्यासारखा गलका येतो आणि जो तो ओरडत असतो, माझा घोडा, माझा लगाम, माझं खोगीर! हाही तसंच ओरडतो, लगेच समोर घोडा हजर, आणि मग समुद्रावरून थेट फ्रान्स. तिथे राजाच्या मुलीचं मनाविरुद्ध लग्न चाललंय, ही मंडळी तिला भर मांडवातून उचलून आणतात. परत आल्यावर गुलीश देवाचं नाव घेऊन तिला आपल्याकडे ओढून घेतो आणि त्याच क्षणी घोड्यांचे मोडका नांगर, झाडू, रानटी झुडपाची काडी असं काय काय होऊन जातं. पोरगी वाचते पण जाताजाता त्यातला एक तिला थप्पड मारतो आणि ती मुकी होते. वर्षभर ती पाद्रीबाबाच्या घरी राहते, बोलत नाही. पुढच्या नोव्हेंबरात गुलीश पुन्हा त्या बांधाशी जाऊन चोरून ऐकतो तेव्हा कळतं, औषधाची वनस्पती त्याच्याच दाराशी उगवलेली आहे.

हे वाचत असताना इकडे आमच्या नात्यातल्या ग्रुपवर जोरदार भांडण चालू होतं. आमची एक मामेबहीण शाळेत शिकवते, तिने लिहिलं की मुलांना मुंजा, हडळ, खवीस असल्या गोष्टी सांगणं आता बंद करा, याच गोष्टींतून पुढे भोंदूबाबांची गिऱ्हाइकं तयार होतात. त्यावर एका काकांचं उत्तर, की हे सगळं म्हणजे आपल्या संस्कृतीवर हल्ला, पूर्वजांना वेड लागलं नव्हतं, त्यात काहीतरी तथ्य असणारच. मग शंभर मेसेज. आपल्याकडे हा वाद नवा नाही, दर थोड्या दिवसांनी कुठल्यातरी निमित्ताने निघतो आणि दोन्ही बाजूंची वाक्यंही तीच असतात.

मला इथून बघताना वाटतं की दोन्ही बाजू एकच गोष्ट धरून बसल्यात, गोष्ट म्हणजे विश्वास ठेवण्याची बाब. एकाला तो विश्वास मोडायचाय, दुसऱ्याला जपायचाय. गोष्ट ऐकायची कशी आणि ती सांगणारं माणूस कोण होतं, हे कुणीच विचारत नाही.

मामेबहिणीची भीती उगाच नाही, हे मी आधी सांगतो, कारण आयर्लंडनेच ती खरी करून दाखवलीय. १८९५ च्या मार्चमध्ये टिपरेरी परगण्यातल्या बॅलीवाडली गावात ब्रिजेट क्लीअरी नावाची २६ वर्षांची बाई आजारी पडली. ती शिवणकाम करायची, घरात स्वतःचं मशीन होतं, कोंबड्या पाळून चार पैसे मिळवायची. नवऱ्याच्या डोक्यात बसलं की ही माझी बायको नाहीच, परीलोकवाल्यांनी खरी नेली आणि तिच्या रूपात दुसरीच कुणी ठेवली. डॉक्टर येऊन गेला होता, पाद्रीही येऊन गेला होता, तरी घरात दुधातून जडीबुटी पाजणं, धरून ठेवून 'तू ब्रिजेटच आहेस ना, सांग' असं दरडावणं चाललं, आणि हे सगळं नातेवाईकांच्या देखत. शेवटी त्याने तिला जाळलं. सदोष मनुष्यवधाखाली त्याला शिक्षा झाली, १५ वर्षं तो तुरुंगात होता. ही हकीकत वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवलं होतं, कारण यातला प्रत्येक तपशील आपल्याकडच्या बातम्यांमध्ये वाचलेला आहे. चेटकीण ठरवून मारलेली बाई, अंगातलं उतरवायचं म्हणून केलेली मारहाण.

म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जे काम केलं आणि ज्यासाठी २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या, त्याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण तो कायदा नीट वाचा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, एखादी बाई करणी करते असं म्हणून तिला छळणं, हे गुन्हे आहेत. आजीने रात्री अंगणात सांगितलेली मुंजाची गोष्ट हा गुन्हा नाही. म्हणजे जी रेघ आपण ग्रुपवर भांडून शोधतोय ती कायद्याने केव्हाच आखून दिलीय, गुन्हा माणसाला इजा करण्यात आहे, गोष्टीत नाही.

आणि काकांसाठी पण एक गोष्ट आहे. तेव्हा आयर्लंडवर ब्रिटिशांचं राज्य होतं, आणि ब्रिजेटच्या खुनानंतर इंग्लंडमधल्या काही वर्तमानपत्रांनी लिहिलं की बघा, हे असले अडाणी लोक, यांना स्वराज्य कसलं द्यायचं. अशा वेळी आयरिश लोकांनी लाजेने गोष्टी पुरून टाकल्या असत्या किंवा रागाने सगळं खरंच आहे म्हणून छातीठोक सांगितलं असतं, तर दोन्ही समजण्यासारखं होतं. पण हाइडसारख्या माणसांनी तिसरं काम आधीच सुरू केलं होतं, बसून ऐकायचं आणि लिहून घ्यायचं. हा प्रोटेस्टंट पाद्र्याचा मुलगा, रॉसकॉमन परगण्यात वाढला आणि आयरिश भाषा शिकला ती शेमस हार्ट नावाच्या रानाच्या राखणदाराकडून आणि आजूबाजूच्या गरीब लोकांकडून. त्याच्या पुस्तकात बऱ्याच गोष्टींचं आयरिश एका बाजूला आणि इंग्रजी समोर. आधीच्या संग्राहकांवर त्याचा रागच होता की हे लोक गोष्टी छापतात पण कुणाच्या तोंडून ऐकल्या ते सांगत नाहीत. १८९३ मध्ये त्याने आयरिश भाषेसाठी गेलिक लीग नावाची संघटना काढली, आणि १९३८ साली हाच माणूस देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

पुढे सरकारने हे काम अंगावर घेतलं. १९३५ ला लोककथा आयोग, आणि १९३७ ते १९३९ मध्ये तर प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गातल्या मुलांनाच कामाला लावलं, घरी जाऊन आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून आणा. सुमारे ५० हजार मुलं, ५ हजार शाळा. आज त्या वह्या इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. मी त्यात तासन्‌तास रमतो. कित्ता गिरवल्यासारखं गोल अक्षर, आणि बहुतेक गोष्टींसोबत सांगणाऱ्याचं नाव, गाव, कधीकधी वयसुद्धा. कितीतरी पोरांनी आपल्याच शेतात रस्ता चुकण्याची हकीकत लिहिलीय, एका विशिष्ट जागी पाय पडला की ओळखीचं कुंपण सापडेना, फाटक सापडेना, रात्रभर फिरत राहायचं, आणि उपाय काय तर कोट उलटा करून घालायचा. आमच्या राजापूरकडे याला चकवा म्हणतात, आणि उपाय म्हणजे उजाडेपर्यंत जागच्या जागी बसून राहायचं.

यातलं कुणी खरं मानतं का? १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात 'लाटून' नावाच्या ठिकाणी बायपासच्या वाटेत एक एकटं हॉथॉर्नचं झाड येत होतं, एडी लेनिहान नावाच्या कथाकाराने जाहीर विरोध केला की हे परीलोकवाल्यांचं झाड आहे, तोडाल तर रस्त्यावर अपघात होतील. झाड वाचलं, रस्ता बाजूने गेला, आजही ते उभं आहे. तिथे श्रद्धा होती की आठवणीचा मान होता हे मला सांगता येणार नाही, पण त्यापायी कुणाला इजा झाली नाही, कुणी पैसे उकळले नाहीत आणि एक झाड राहिलं. आपल्या देवरायांनी शेकडो वर्षं हेच केलंय.

पण इथलं सगळं सोनं आहे असं मी म्हणणार नाही, आणि परदेशात राहून घरच्यांना धडे देणाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो. ज्या रॉसकॉमनमध्ये हाइडने भाषा शिकली तिथे आज एकही आयरिशभाषक पट्टा उरलेला नाही. २०२२ च्या जनगणनेत १८ लाखांहून जास्त लोकांनी आयरिश येतं म्हणून सांगितलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे ७२ हजारांच्या आसपास. गोष्टी टिकल्या, त्या सांगणारी जीभ मात्र बऱ्याच ठिकाणी गेली. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही इथे पेढे वाटले, २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं तेव्हाही आम्ही तावातावाने बोललो, आणि ते बोलायलाच हवं होतं. पण आयरिशला तर राज्यघटनेने पहिल्या भाषेचा मान दिलाय, शाळेत ती शिकवतात, तरी ही अवस्था. दर्जा आणि सक्ती जिथे पोचत नाही तिथे भाषा टिकते ती घरातल्या माणसाच्या तोंडी.

आणि ती माणसं आपल्याकडे अजून आहेत! हेच मला पुन्हापुन्हा सांगायचंय. आपल्याकडे कामच झालं नाही असंही नाही, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे केवढं काम करून ठेवलंय, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणारीच्या नावा-गावासकट. पण गोष्टींसाठी, त्यातही भुताखेतांच्या गोष्टींसाठी, गावोगावच्या शाळांमधून असं काम व्हायला हवं. पाचवी-सहावीची पोरं, घरात असतोच तो मोबाईल, आणि एक साधा तक्ता, कुणी सांगितली, वय, गाव, त्यांना कुणी सांगितली होती, ही जागा नेमकी कुठे आहे. गोष्ट मोडतोड न करता, ज्या बोलीत सांगितली त्याच बोलीत. मालवणी असेल तर मालवणी, अहिराणी असेल तर अहिराणी, कातकरी असेल तर कातकरी. शिक्षकांनी शुद्धलेखन तपासू नये. आणि मूल वर्गात गोष्ट वाचून दाखवेल तेव्हा मामेबहिणीसारख्या बाईंनी खुशाल विचारावं, मग त्या वळणावर रात्री माणसं खरंच का घाबरत असतील? अंधार, एकटेपणा, दारू, विहिरीला कठडा नसणं, कितीतरी उत्तरं मुलंच देतील. हे काम एका जिल्हा परिषदेने एका तालुक्यात करून बघावं, तक्ता मी बनवून देतो.