मोती डोंगर आणि साऊथ साईड

गोव्यात कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीच्या जागेतली २०१४ च्या आधीची घरं कायदेशीर करायचा कायदा २०२५ मध्ये विधानसभेत झाला ना, तेव्हापासून आमच्या फोंड्याच्या फॅमिली ग्रुपवर एकच चाललंय. आता घांटी, म्हणजे बाहेरून आलेले मजूर, कायमचे बसले, त्यांच्या वस्त्या, मडगावचा मोती डोंगर काय नि वास्कोकडचं झुआरीनगर काय, गुन्हेगारांचे अड्डे सगळे. मामा सगळ्यात पुढे. मी इथे शिकागोच्या दक्षिण भागात, साऊथ साईडला बसून वाचतो नि गप्प राहतो.

गप्प, कारण मी पण तसलाच. इथे आल्यावर एका मराठी मित्रानं सांगितलं, कॉटेज ग्रोव्ह रस्त्याच्या पलीकडे जायचं नाही, तिकडे काळे राहतात. मी का म्हणून विचारलंच नाही. मडगावात मावशीकडे राहायचो तेव्हा तीही म्हणायची, काळोख पडल्यावर मोती डोंगराकडे जाऊ नको हां. मावशी स्वतः कधी तिथे वर चढलेली नव्हती.

कॉटेज ग्रोव्हच्या पलीकडे धोका नाहीच असं नाही हां, गोळीबार होतो, रात्री मी ऐकलाय. पण तो आला कुठून? १९३४ पासून इथलं केंद्र सरकार घरकर्जाला विमा द्यायला लागलं, पण काळ्यांच्या वस्त्यांना नाही, त्यामुळे बँका कर्ज देईनात, मग लोक दलालाकडून दुप्पट भावात हप्त्यावर घर घेणार, त्यात एक हप्ता चुकला की घर गेलं नि भरलेले पैसेही गेले. घरकर्जातला हा भेदभाव कायद्यानं बंद झाला १९६८ मध्ये. तोवर दोन पिढ्यांची कमाई गेली होती, आणि आता आपण म्हणतो, एरिया खराब.

आपल्याकडचं अगदी तसं नाही, मान्य. इथल्या काळ्यांचे पूर्वज गुलाम म्हणून आणलेले, आपल्याकडे विजापूर-गदगहून बसनं आलेले मजूर. आणि गोवा एवढासा, जमीन संपतेय ही मामाची भीती काही खोटी नाही. पण डोंगर कापून दिल्लीवाल्यांचे व्हिला होतात, त्या कॉलनीला कोणी अड्डा म्हणत नाही. २००४ मध्ये वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरच्या वेश्यावस्तीवर बुलडोझर फिरला तेव्हा किती लोक एका दिवसात रस्त्यावर आले, आमच्या घरात तर बरं झालं, घाण गेली, एवढंच बोलले. रंगाचं म्हणाल तर २०१३ मध्ये एका नायजेरियनचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला, तर आपला एक मंत्री त्यांना कॅन्सर म्हणून मोकळा. नंतर माफी मागितली म्हणा. आमच्या ग्रुपवर मात्र त्याला अंगठेच अंगठे.

परवा राहवलं नाही, लिहिलं, मामा, तुमच्या बंगल्याचा स्लॅब कोणी घातला हो?

बराच वेळ टायपिंग टायपिंग दिसत होतं. मग उत्तर आलं, कॉन्ट्रॅक्टरनं.