गव्हाणीत काय असतं

आमच्या गावच्या ग्रुपवर महिनाभर एकच चाललंय: 'अमेरिकेत गाईंना मांस आणि रक्त चारतात, त्यांचं दूध आपल्याकडे येऊ देऊ नका.' दूध येऊ द्यायचं की नाही ते दिल्लीने ठरवावं. पण मी इथे नेब्रास्कात, लेक्झिंग्टनच्या बाजूला, फीडलॉटमधल्या, म्हणजे मांसासाठी जनावरं पोसतात त्या वाड्यातल्या, जनावरांचं खाणं ठरवतो. मला गप्प बसवत नाही.

गाईबैलांचा मांस-हाडचुरा रवंथ करणाऱ्या जनावरांना घालायला इथे १९९७पासून बंदी आहे. ब्रिटनमध्ये अशाच चुऱ्यातून पसरलेल्या 'मॅड काऊ' या गाईंच्या मेंदूच्या रोगाने तो धडा दिला. डुकराचा चुरा आणि रक्ताची भुकटी यांना मुभा आहे, दुधाच्या गोठ्यांवर भुकटी कुठे कुठे वापरतातही. ते मी नाकारत नाही. पण सकाळी सहाला मी बंक, म्हणजे इथल्या गव्हाणी, बघत फिरतो तेव्हा त्यांत मका असतो, थोडा कडबा आणि इथेनॉलच्या कारखान्यातला ओला चोथा. मक्याचा दोनतृतीयांश भाग स्टार्च असतो, तो इथेनॉलला जातो, म्हणून मक्यात आठ-नऊ टक्के असलेली प्रथिनं चोथ्यात तीसच्या घरात जातात. वाढत्या गोऱ्ह्याला ती हवीतच. शेवटच्या महिन्यांत मात्र एकूण खाण्यात तेरा टक्के पुरतात. जास्तीच्या प्रथिनांतला नत्र मुतातून जातो, आणि 'चॉईस' या चांगल्या प्रतीचा शिक्का मिळवून देणारी मांसातली चरबीची जाळी प्रथिनांपेक्षा मक्याच्या ऊर्जेवर धरते. चोथ्यातही खोट आहे. त्यातल्या तेलामुळे मांस दुकानात लवकर तपकिरी पडतं. नेब्रास्का विद्यापीठाने ते तपासलंय. ई जीवनसत्त्व चारलं की रंग जास्त टिकतो.

इथे इतकं मोजून-मापून चालतं. आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर गाय प्लास्टिकची पिशवी गिळते, त्यावर ग्रुपवर एक ओळ येत नाही.

चोथ्याचा ट्रक रिकामा होताना आंबूस वाफ येते आणि मला आबांचं घमेलं आठवतं. रात्री भिजत घातलेली सरकी पेंड, तिच्यावर भुसा, आणि आंबोण ठेवताना बैलाच्या पाठीवर फिरणारा हात. आबा बैलाला नांगरासाठी पोसायचे, म्हातारा झाला तरी दावणीला ठेवायचे. माझी जनावरं साडेसहाशे किलोची झाली की ट्रकमध्ये चढतात. आईला मी सांगितलंय की मक्याच्या कामावर आहे. ते खोटं नाही.

काल धाकट्या चुलतभावाने ग्रुपवर विचारलं, 'दादा, तुझी जनावरं दूध किती देतात?'

अजून उत्तर दिलेलं नाही.