चार भोकांचा डबा

गावच्या दूध संस्थेत टेबलाभोवती तीन यंत्रं असतात. दुधाचा काटा, फॅटचं मशीन आणि भिंतीवर लाल आकड्यांचा मोठा डिस्प्ले. डिस्प्ले अशासाठी, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही पहिल्याचं फॅट दिसावं आणि त्यावर त्याला मत देता यावं. ही तिन्ही यंत्रं आरएस-232 नावाच्या पद्धतीनं बोलतात. ही पद्धत 1960 ची. त्यानंतर माणूस चंद्रावर जाऊन आला, 1996 साली यूएसबी आली, लॅपटॉपवरून या पद्धतीची केबल लावायचा तो नऊ टाचण्यांचा सिरियल पोर्ट कधीच गेला. पण काटेवाल्यांनी काही मनावर घेतलेलं नाही. माझं विचाराल तर त्यांचं बरोबर आहे. तीन तारांत काम भागतं, केबल पंधरा मीटर लांब नेली तरी चालते आणि शेणाच्या हातानं ओढली तरी कुरकुर नाही.

कुरकुर लॅपटॉपची. करवीर तालुक्यातल्या एका गावात माझे मामा दूध संस्थेचे सेक्रेटरी आहेत. संस्थेचा जुना कॉम्प्युटर वळवाच्या पहिल्या कडकडाटात गेला. संचालक मंडळानं ठराव करून नवा लॅपटॉप घेतला, हार घातला, नारळ फोडला आणि मग काट्याची केबल हातात धरून मामा त्या लॅपटॉपला प्रदक्षिणा घालत राहिले. ती खुपसायला जागाच नव्हती. मग मला फोन.

"तू कोल्हापुरात कॉम्प्युटरवरच असतोस न्हवं? ये जरा. पाच मिनटाचं काम हाय."

मी एका ऑडिटरकडं हिशेब भरतो. पण ज्याच्या पुढ्यात कीबोर्ड तो इंजिनिअर, असं मामांचं सरळ गणित आहे.

राजारामपुरीत एका दुकानात सिरियल केबली यूएसबीला जोडणारा चार पोर्टचा कन्व्हर्टर मिळाला. पत्र्याचा डबा, मागं नऊ टाचण्यांची चार भोकं, त्यांवर 1 ते 4 आकडे, पुढं एक यूएसबीची वायर. "चिप ओरिजिनल हाय का?" मी विचारलं. "भावा, एकदम ओरिजिनल." डब्यावर कंपनीचं नावच नव्हतं, तेव्हा नकली म्हणायचं तरी कुणाची? मी विचारलं ते उगाच नव्हे. 2014 साली एका चिपवाल्या कंपनीनं नकली चिप ओळखून तिचा ओळख क्रमांकच शून्य करून टाकणारा ड्रायव्हर (उपकरण चालवायला संगणकात घालायचा प्रोग्रॅम) सोडला होता. चालत्या केबली एका अपडेटसरशी मुक्या झाल्या. ज्यांच्या झाल्या त्यांना आपली चिप नकली आहे हे तेव्हाच कळलं.

डब्याबरोबर ड्रायव्हरची छोटी सीडी होती. लॅपटॉपला सीडीची खाच नव्हती. गावात मोबाइलला रेंज फक्त संस्थेच्या गच्चीवर येते, म्हणून लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेलो, ड्रायव्हर उतरवला आणि खाली आलो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कन्व्हर्टर ए, बी, सी, डी' अशा चार ओळी होत्या आणि चौघांच्या कपाळी पिवळा त्रिकोण. ड्रायव्हर घातला. त्रिकोण गेले आणि खाली आणखी चार ओळी आल्या, त्यांनाही पिवळे त्रिकोण. हा ड्रायव्हर दोन थरांत बसतो: आधी डब्याचा, मग पोर्टांचा. दुसऱ्यांदा घातल्यावर कॉम 3, 4, 5 आणि 6 असे चार पोर्ट दिसले; सिरियल पोर्टाला संगणक कॉम म्हणतो. मामांनी मामीला चहा ठेवायला सांगितला.

चहा झाला, काटा जोडला, पडदा कोराच. काट्याची केबल गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं पूर्वी कधीतरी जोडून दिलेली, दोनला दोन आणि तीनला तीन. एका टोकाची दोन नंबरची टाचणी ऐकण्याची आणि तीन नंबरची बोलण्याची असते. दोन्ही टोकांची यंत्रं एकाच घडणीची असली तर या दोन तारा उलटसुलट जोडाव्या लागतात. नाहीतर संस्थेच्या वार्षिक सभेसारखं होतं: दोन्ही बाजूंनी बोलणारेच, ऐकणारं कुणी नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं "तवा चालत हुतं की!" असं तीनदा ऐकवून डाग मारून दिला. मग पडद्यावर चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं सांडायला लागली. म्हणजे आवाज येत होता, बोलण्याचा वेग जुळत नव्हता. काट्यामागच्या कागदावर वेग लिहिला होता, पण त्यावरून दुधाचा ओघळ गेलेला. 9600 वर चौकोन, 4800 वर चौकोन, 2400 वर आला: 0.00. रिकाम्या काट्याचं शून्य बघून मला एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. फॅटचं मशीन आणि डिस्प्लेही 2400 वरच निघाले. बरं झालं म्हणालो. पुढचा घोटाळा त्यामुळंच झाला.

संध्याकाळच्या धारा झाल्या, किटल्या यायला लागल्या. म्हैस काही ड्रायव्हरसाठी थांबत नाही. मी हातपाय धुवून येईपर्यंत मामांनी केबली मानपानाप्रमाणे लावून टाकल्या होत्या: काटा पहिल्या भोकात, फॅट दुसऱ्यात, डिस्प्ले तिसऱ्यात. दिसायला अगदी रीतसर. सॉफ्टवेअर काटा कॉम 3 वर आणि फॅट कॉम 4 वर बघत होतं. पण डब्यावरचा 1 म्हणजे कॉम 3 असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. इथं 1 होता कॉम 4, आणि 2 होता कॉम 3. वेग वेगळा असता तर चौकोन तरी दिसले असते. इथं आकडे स्वच्छ आले, फक्त एकमेकांच्या रकान्यात.

रांगेत पहिल्या एक आक्का होत्या. त्यांचं दूध भरलं 11.4 लिटर आणि फॅट लागलं 6.8. भिंतीवर झळकलं: लिटर 6.8, फॅट 11.4.

रांग गप्प झाली. म्हशीच्या दुधाचा दर ठरतो तो सहा फॅट धरून. साताला माणूस मिशीवर ताव देतो. अकरा कुणी बापजन्मात बघितलेलं नव्हतं.

"आक्का, म्हशीला काय लोणी चारतीस काय गं?"

"सरकी पेंड आणि ऊसाचं वाडं," आक्कांनी पदर खोचत सांगितलं. "आणि हात फिरवावा लागतोय अंगावरनं. तुमच्यासारखं न्हवं." एवढ्यात पावती आली. दरपत्रक अकराच्या बरंच आधी संपत असल्यामुळं रक्कम होती शून्य रुपये शून्य पैसे. त्यानंतर आक्का मला जे बोलल्या ते मामा पुढं उभे होते म्हणून थोडक्यात आटोपलं. त्या संध्याकाळचं सगळं दूध वहीत हातानं लिहिलं.

रात्री एकेक भोक तपासायला घेतलं. यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही, मामीच्या केसातली पिन पुरते. वरच्या रांगेत पाच टाचण्या, खाली चार. वरच्या रांगेतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या टाचणीला पिन टेकवायची, म्हणजे डब्याचं बोलणं डब्याच्याच कानात जातं. मग एकेक कॉम उघडून कीबोर्डवर अक्षर दाबायचं; ज्या कॉमवर ते पडद्यावर उमटेल तो या भोकाचा. मामा टॉर्च धरून, मी पिन धरून, आणि मामी "माझी पिन कुठं हाय?" असं दारातून विचारत. मग सेटिंगात जाऊन नंबर बदलले आणि 1, 2, 3, 4 ला ओळीनं 3, 4, 5, 6 देऊन टाकले.

सकाळी मामांनी रीतीप्रमाणे आधी काटा चालू केला, मग लॅपटॉप. आणि माउसचा बाण पिसाळला. कोपऱ्यातून कोपऱ्यात, आपोआप क्लिक, खिडक्या उघडतायत, वही मिटतेय. कुणीतरी काट्यावर कॅन ठेवला तसा बाण आणखी उसळला. माउसला कुणाचाच हात नव्हता.

"अंगात आलंय," रांगेतून आवाज. "वळवात गेलेला जुना कॉम्प्युटर असंल."

याचं कारण भुताटकीहून मजेशीर आहे. पूर्वी माउससुद्धा सिरियल पोर्टावर यायचे. संगणक चालू होताना पोर्टावर डोकावतो. तिथं कुणी सतत काही पाठवत असलं तर कधीकधी त्याला वाटतं की हा माउसच. काटा सेकंदाला कितीतरी वेळा वजन ओरडत असतो. संगणकानं त्याला सिरियल बॉलपॉइंट माउस म्हणून दप्तरी नोंदवलं आणि दुधाच्या वजनाप्रमाणं बाण हलवायला सुरुवात केली. डब्याची वायर उपसली, बाण थंड. यादीतून तो माउस बंद केला आणि पोर्टाच्या सेटिंगातली 'सिरियल एन्युमरेटर'ची खूण काढली, म्हणजे डोकावणंच बंद. पण दोन म्हाताऱ्या लॅपटॉपला हळदकुंकू लावून गेल्या त्या गेल्याच.

यानंतर मी कोल्हापूरला परतलो. आठवडा गेला नसेल, तोवर संस्थेतल्या पोरानं मोबाइल चार्जिंगला लावण्यासाठी डब्याची वायर काढली आणि नंतर शेजारच्या भोकात घातली. चिपेत स्वतःचा अनुक्रमांक नसला की संगणक डब्याला जागेवरून ओळखतो. जागा बदलली की त्याच्या दृष्टीनं नवा डबा. कॉम 7 ते 10 असे नवे नंबर पडले. संस्थेचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला आठाच्या पुढं मोजता येत नाही. आणि 3 ते 6 मोकळे आहेत म्हणावं तर त्यांच्यापुढं 'वापरात' अशी पाटी. गेलेल्या पोर्टांची नावं सातबाऱ्यावरून उतरत नाहीत. लपलेली उपकरणं दाखवायला सांगून ती करड्या रंगातली मंडळी एकेक करून काढावी लागतात. हे मी फोनवरून मामांकडून करून घेतलं. त्याबद्दल मला काहीतरी मिळायला हवं होतं.

मामांनी मात्र कायमचा बंदोबस्त केला. वायर मूळच्या भोकात घालून वर एम-सील लिंपलं. आता ती वायर काढायची तर लॅपटॉप फोडावा लागेल.

बिल संचालक मंडळापुढं गेलं. मामांनी मला खुलाशाला बसवून घेतलं होतं. एका संचालकांनी चष्मा वर करून डबा उलटासुलटा बघितला.

"भोकं चार. यंत्रं तीन. चौथ्याचं पैसं कशापायी?"

दोन पोर्टचा पुरत नाही, तीनचा बाजारात मिळाला नाही, हे मी सांगितलं. कुणालाच पटलं नाही. शेवटी मामांनी प्रोसिडिंगच्या वहीत लिहिलं: 'चौथे पोर्ट राखीव ठेवण्यात येत आहे.' सगळ्यांनी माना डोलावल्या. वही सहीला फिरली, ती दारापाशी बसलेल्या विरोधी गटाच्या संचालकांपर्यंत आली आणि तिथं थांबली.

"राखीव म्हंजे," त्यांनी पेनाचं टोपण लावत विचारलं, "कुणाच्या गटाला?"