दीड मिलिमीटरचा पाना आणि वाया गेलेला रविवार

पुन्हा तेच! आठवडाभर वाट बघून रविवारी रिमोटवर चालणारी गाडी मैदानावर नेली आणि तिसऱ्याच फेरीत मोटर नुसती किंचाळतेय, गाडी जागची हलत नाही. उघडून बघितलं तर पिनियनचा (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचा) ग्रब स्क्रू, म्हणजे त्याला शाफ्टवर आवळून धरणारा बिनडोक्याचा बारीक स्क्रू, सैल, पिनियन शाफ्टवर सरकलेलं आणि पिनियन ज्याला फिरवतं त्या नायलॉनच्या मोठ्या स्पर गिअरचे सात-आठ दात साफ. तळाशी नुसता पांढरा भुगा.

अरे, तो स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर बसवून थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावायला कारखान्यात किती वेळ लागतो? धातूत धातू, त्यात मोटरची थरथर, सैल होणारच ना! त्यात स्क्रू इतका मऊ, की दीड मिलिमीटरचा पाना दोनदा फिरवला की आतले कोपरे गोल. मग बसा ड्रिल घेऊन.

नवा स्पर लावला. दोन गिअरमध्ये कागदाची पट्टी घालून फट नीट जुळवली. पट्टी न फाटता, नागमोडी घडी पडून बाहेर आली. मन शांत झालं. आणि पहिल्याच उडीत पुढचा खालचा आर्म (चाकाला धरून ठेवणारा प्लास्टिकचा भाग) पिनेच्या भोकापाशी तुटला! तोही नेहमी तिथंच तुटतो, कारण तिथंच प्लास्टिक सगळ्यात पातळ. तिथं दोन मिलिमीटर जाडी वाढवा ना! दुकानदार म्हणतो, ‘सुटा मिळत नाही, पूर्ण सेट घ्या.’ माझ्या डब्यात न वापरलेले चार मागचे आर्म पडलेत. पुढचा एकही नाही.