मलावी: गाडी, मिनीबस आणि ‘फुकट गेलेले’ दिवस

नमस्कार,

आग्नेय आफ्रिकेतल्या मलावी देशावरच्या माझ्या प्रवासलेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: गाडी-ड्रायव्हर घेऊन आठवड्यात उरकणारा देश मी मिनीबसच्या नादात उगाच लांबवला, त्यात अर्धे दिवस फुकट घालवले. लेखात एकही भाव दिला नाही. इतक्या गरीब देशात भाड्यावरून हुज्जत घालणं शोभत नाही. बिल्हार्झिया (पाण्यातून होणारा जंतांचा आजार) असलेल्या मलावी तळ्यात लोकांना पोहायला सांगितलं. एकूणच ही गोऱ्या बॅकपॅकरांची नक्कल आहे. आणि शेवटी, ‘स्वतःच्या मुलीला असं एकटीला पाठवाल का?’

आधी गाडीचं. रजा मोजकी असेल तर खुशाल गाडी घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मिनीबस स्वस्त पडते म्हणून घ्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही. मुक्कामाचे दिवस वाढतात ते धरले तर ती स्वस्त पडतही नाही. तिला वेळापत्रक नसतं, भरली की सुटते. राजधानी लिलोंग्वेच्या डेपोत गाडी भरलेली दिसावी म्हणून कंडक्टरची दोन-चार पोरं आधीच आत बसलेली असतात. खरं गिऱ्हाईक आलं की एकेक जण उतरतो आणि मागच्या गाडीत जाऊन बसतो. पुढे पोलिसांची चौकी दिसली की जादा माणसं अलीकडेच उतरतात, चालत चौकी ओलांडतात आणि पलीकडे पुन्हा कोंबली जातात. कुणाच्या चेहऱ्यावर त्याचं काही नसतं. पायाशी सुक्या उसिपाचं पोतं, तळ्यातली ती चिमुकली मासळी. आपल्याकडच्या सुकटाची सवय असलेल्याला त्या वासाचा त्रास होणार नाही, बाकीच्यांनी खिडकी धरावी.

यात वेळ जातो, कबूल. पण गाडीने तो वाचतोच असंही नाही. गेल्या काही वर्षांत तिथे परकीय चलनाअभावी पेट्रोल-डिझेलची टंचाई वरचेवर होते, आणि पंपावरच्या रांगेत भाड्याची गाडीही उभी राहते. शिवाय तळ्यातल्या लिकोमा बेटावर गाडी जात नाही. हे बेट मलावीचं, पण चहूबाजूंनी पाणी मोझांबिकचं. तिथे अँग्लिकन मिशनऱ्यांचं मोठं ठाणं होतं, त्यामुळे ते ब्रिटिशांच्या न्यासालँडकडे, म्हणजे आजच्या मलावीकडे राहिलं. मिशनऱ्यांनी 1903 ते 1911 मध्ये बांधलेलं कॅथेड्रल बघितल्यावर एवढ्याशा बेटावर हे कुणासाठी, असा प्रश्न पडतो. तिथे नेणारी ‘इलाला’ ही स्कॉटलंडमध्ये बांधलेली बोट 1951 पासून तळ्यावर आहे, आणि वयामुळे वरचेवर दुरुस्तीला जाते. तळं उत्तर-दक्षिण सुमारे 580 किलोमीटर. त्यात साधारण मे ते ऑगस्ट आग्नेयेकडून ‘म्वेरा’ वारा सुटला की लाटा समुद्रासारख्या उसळतात. मी गेलो तेव्हा लिकोमाला बोट धक्क्याला लागत नव्हती. खोल पाण्यात उभी राहायची, आणि खालच्या दारातून माणसं, गाद्या, कोंबड्या, मक्याची पोती अंधारात होड्यांमध्ये उतरायची. वर भरणारे आणि खाली उतरणारे एकाच दारात. आरडाओरडा प्रचंड, पण पाण्यात काही पडलेलं मी पाहिलं नाही. तिची वाट बघण्यात गेलेले दिवस तुम्ही ‘फुकट’ म्हणता. काठावरच्या न्खाता बे या बंदरात त्या दिवसांत मी नुसता बसून होतो हे खरं आहे. पण बसायलाच तर गेलो होतो.

भाव मुद्दामच दिले नाहीत. मे 2022 मध्ये क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, 25 टक्के अवमूल्यन झालं, मग नोव्हेंबर 2023 मध्ये 44 टक्के. एका दिवसात डॉलर 1,180 क्वाचांच्या आसपास होता तो 1,700 वर गेला. त्यात बँकेचा दर वेगळा आणि बाजारातला वेगळा. मी आज खोलीचं भाडं छापलं तर तुम्हीच पुढच्या वर्षी येऊन मला खोटारडा म्हणाल.

हुज्जतीबद्दल. शेजारी बसलेल्या बाईने किती दिले ते बघून तेवढेच देणं याला मी घासाघीस म्हणत नाही. ज्यादा पैसे कंडक्टरच्या खिशात जातात, गावाचं त्यात काही भलं होत नाही. द्यायचेच असतील तर रस्त्याकडेला पत्र्यावर चिप्स तळणारा आहे, मंदासी (तळलेले पिठाचे गोळे) विकणारी आहे, होडीवाला आहे. किनाऱ्यावरच्या बऱ्याच लॉजचे मालक बाहेरचे असतात. पॅकेजचे पैसे तिकडे जातात की न्सिमा-चांबोच्या (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि तळ्यातला मासा) खानावळीत, हा हिशेब तुम्हीही मांडून बघा.

पोहण्याचा मुद्दा गंभीर आहे, आणि तो मी लेखात आणखी ठळक करणार आहे. बिल्हार्झियाची अळी गोगलगायींतून पाण्यात येते आणि कातडीतून शिरते. वस्तीजवळचं, लव्हाळ्याचं, उथळ संथ पाणी सगळ्यात वाईट. तळ्याच्या दक्षिणेकडच्या केप मॅक्लिअरला हा त्रास वाढला, त्यामागे अति मासेमारी हे एक कारण अभ्यासकांनी दाखवलं आहे: गोगलगायी खाणारे मासेच जाळ्यात गेले. प्राझिक्वांटेल हे औषध पूर्ण वाढलेल्या जंतांवर चालतं, कोवळ्यांवर नीट चालत नाही, म्हणून शेवटच्या पोहण्यानंतर काही आठवडे थांबून डॉक्टरच्या सल्ल्याने तपासणी आणि औषध करायचं. हे करायची तयारी नसेल तर काठावर बसा. तयारी असेल तर खडकाळ भागात म्बुना मासे बघायला उतराच. निळे, पिवळे, पट्ट्यांचे, आणि त्यातले बहुतेक जगात दुसरीकडे कुठे नाहीत.

गोऱ्यांची नक्कल? इथे मात्र हसू आलं. गोऱ्याला तिथे ‘मझुंगू’ म्हणून हाक मारतात आणि तो कुठेही दिसला तरी कुणाला नवल वाटत नाही. मी ‘म्वेन्ये’, म्हणजे भारतीय, आणि भारतीय म्हणजे दुकानदार. ब्रिटिश अमलात तिथे गेलेल्यांत गुजराती व्यापारी पुष्कळ. सत्तरच्या दशकात राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडांच्या सरकारने आशियाई दुकानदारांना गावांतून उठवून ब्लँटायर, लिलोंग्वे, झोंबा या शहरांत आणलं. त्यामुळे तळ्याकाठच्या गावात मिनीबसमधून घामाघूम उतरलेला म्वेन्ये बघून पहिला प्रश्न यायचा, ‘दुकान कुठे आहे?’ नाही म्हटलं तर, ‘मग गाडी बिघडली का?’ एकाने तर मला होलसेलमध्ये साखर काय भावाने पडेल ते विचारलं. एसी गाडीत काचा वर करून बसलेला भारतीय त्यांनी आयुष्यभर बघितलाय. तुम्ही सुचवताय तीच तिथली आपली जुनी नक्कल आहे.

आता मुलीचं. हो, पाठवेन. अंधारात प्रवास करायचा नाही, ही अट घालून. रात्री त्या रस्त्यांवर बिनदिव्याचे ट्रक उभे असतात आणि कोळशाची पोती लादलेल्या सायकली अचानक समोर येतात. तुमच्या ड्रायव्हरवाल्या गाडीलाही तीच अट लागू. लिलोंग्वे-ब्लँटायरच्या बसस्टँडवर संध्याकाळनंतर रेंगाळायचं नाही. मलेरियाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. बांडांच्या काळात बायकांनी पँट घालायला कायद्याने बंदी होती. तो कायदा गेला, पण खेड्यात गुडघे झाकलेले बरे, म्हणून पहिल्याच बाजारात एक चितेंजे (कमरेला गुंडाळायचं कापड) विकत घ्यायचं. आणि प्रत्येक गाडीत पोरवाल्या बाईच्या शेजारी जागा धरायची.

ता. क. वाशीला नोव्हेंबर-डिसेंबरात मिळणारा ‘मलावी हापूस’ खरंच तिथून येतो का, असं तुम्ही जाता जाता विचारलंय. येतो. कोकणातून नेलेल्या कलमांची बाग आहे तिथे, आणि विषुववृत्ताच्या खाली ऋतू उलटे असल्याने आपल्याकडे थंडी पडते तेव्हा त्यांचा आंबा तयार होतो. मला मात्र तो तिथल्या एकाही बाजारात दिसला नाही. रस्त्याकडेला बादलीने विकतात तो लहान, दोरेवाला गावठी आंबा, आणि तो मी बऱ्याच बादल्या खाल्ला.